पाचवी पायरी

पत्र अकरा महिन्यांपूर्वीचं होतं, आणि ते तिच्या टेबलावर आलं तेही ऑफिसात जुन्या तक्रारींची आवराआवर निघाली म्हणून. तक्रार विभागातली जाड चष्म्याची बाई दुपारी कागद हलवत आली आणि म्हणाली, शिडीताई, हे तुमच्याकडचं दिसतंय, एकदा बघा आणि फाडून टाका. ऑफिसात तिला सगळे शिडीताईच म्हणत. कागद प्रिंटरमधून नुकताच निघालेला, अजून कोमट होता. कुणीतरी वहीच्या पानावर हातानं पत्र लिहून त्याचा फोटो पाठवला होता. ‘हळूहळू गणित या चॅनेलवरचे सरांचे धडे गेल्या महिन्यापासून आमच्या शाळेत लागत नाहीत. नुसते चक्र फिरते. आधी चित्र अंधुक दिसे, पण लागत असे. मुले रोज चक्राकडे बघत बसतात. सर आमच्यावर रागावले आहेत का, असे विचारतात. कृपया सरांना विचारून कळवावे.’ खाली शाळेतल्या बाईंचा फोन नंबर आणि बारा मुलांच्या सह्या. काहींनी नुसतंच पहिलं अक्षर काढलं होतं, आणि एकानं सहीऐवजी बेरजेचं चिन्ह. कोपऱ्यात तक्रार विभागाचा शेरा होता: यंत्राचा दोष, मोबाइल बंद करून पुन्हा सुरू करावा. तिनं ते उभ्या उभ्याच वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, लहानपणी चूक पकडली गेली की तापायच्या तशा. ‘हळूहळू गणित’ हे तिच्या वडिलांचं चॅनेल होतं. ऑफिसात ते कुणालाच माहीत नव्हतं. वशिला लावते असं कुणी म्हणू नये म्हणून तिनं कधी सांगितलंच नव्हतं.

शिडी म्हणजे काय, हे तिनं बाबांना एकदा नीट समजावून सांगितलं होतं. एकच व्हिडिओ तिची कंपनी पाच वेळा तयार करते. पहिली प्रत सगळ्यात जाड, तिच्यात माणसाच्या भुवईचा केसन्‌केस दिसतो. मग त्याहून बारीक, त्याहून बारीक, असं करत पाचवी अगदी किरकोळ, अंधुक, पण नुसत्या धाग्याएवढ्या इंटरनेटमधूनही निघून जाईल अशी. बघणाऱ्याकडे जेवढा वेग असेल तेवढ्या पायरीवर त्याचा मोबाइल आपण होऊन उभा राहतो. वेग घसरला की तो एक पायरी उतरतो, सुधारला की चढतो. बाबा म्हणाले होते, म्हणजे वर्गासारखंच की, ज्याला जेवढं झेपेल तेवढं द्यायचं. या उपमेचा तिला तेव्हा अभिमान वाटला होता, जणू तिचं काम त्यांच्या कामाच्याच घराण्यातलं असल्याचा दाखला मिळाला. दरवर्षी देशोदेशींच्या इंटरनेटच्या वेगाचा तक्ता येई. कंपनीनं त्यावर एक रेघ मारलेली होती. रेघेच्या वर ज्या देशाची सरासरी, तो देश व्हिडिओ चालण्याजोगा. आपला देश कितीतरी वर्षं रेघेखाली होता, आणि मागच्या वर्षी एका उडीत वर आला. शहरांतून नव्या तारा पडल्या होत्या, ज्यांच्याकडे वेग होता त्यांच्याकडे तो दसपट झाला होता. साहेबांनी सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. त्याच आठवड्यात तिनं दीड पानाचं टिपण लिहिलं: राष्ट्रीय सरासरी पाहता पाचव्या पायरीची गरज उरलेली नाही, नव्या-जुन्या सर्व व्हिडिओंच्या पाचव्या प्रती काढून टाकाव्यात, जागा वाचेल, काम सुटसुटीत होईल. टिपणाखाली तिची सही. कुणी हरकत घेतली नाही. हरकत घेण्यासारखं त्यात काही दिसतही नव्हतं, आकडे बरोबर होते, भागाकार बरोबर होता.

सरासरी तिला शिकवली ती बाबांनीच, चौथीच्या वर्गात, जिथे ती त्यांना बाबा न म्हणता सर म्हणत असे. त्यांनी सगळ्यांच्या पेन्सिली टेबलावर ओळीनं मांडल्या होत्या. नव्याकोऱ्या लांबलचक तीन-चार, बाकीच्या झिजलेल्या, आणि टोकाला बोटाच्या पेराएवढे थोटके, जे धरून लिहिताना बोटं दुखतात. सगळ्या मापून, बेरीज करून, भागून सरासरी काढली आणि मग सर म्हणाले, आता या लांबीची पेन्सिल शोधून दाखवा. कुणालाच सापडली नाही. तेवढ्या लांबीची पेन्सिल वर्गात कुणाचीच नव्हती. सगळे हसले होते, तीही हसली होती, आणि पन्नाशी ओलांडल्यावर नेमकं तेच विसरून दीड पानाचं टिपण लिहून बसली होती. आता टेबलाशी बसून तिनं चॅनेलचा जुना आलेख उघडला. पाचवी पायरी काढली त्या आठवड्यात रेघ कड्यावरून दगड पडावा तशी खाली आली होती. हा आलेख तिनं आज पहिल्यांदा पाहिला असं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर बाबांनी तो स्वतः तिच्यापुढे धरला होता. ज्यांच्याकडे धडा सुरूच झाला नाही, त्यांची नोंद कुठेच होत नाही. बघणारे मोजले जातात, वाट बघणारे मोजले जात नाहीत. म्हणून आलेखात बारा मुलं चक्राकडे बघत बसलेली नव्हती. आलेखात ती फक्त निघून गेलेली होती.

पाचला ती निघाली. बसला गर्दी नव्हती, तरी ती उभीच राहिली. आई गेल्यावर बाबा दोन-तीन महिने घरात नुसते या खोलीतून त्या खोलीत जात. निवृत्त होऊन चौदा वर्षं झालेली, शिकवायला समोर कुणी नाही. तेव्हा तिनंच कपाटाला टेकवून फळा उभा केला, पुस्तकांच्या चळतीवर मोबाइल बसवला आणि म्हणाली, बाबा, यात बघून बोला, तिकडे मुलं आहेत. पहिल्या दिवशी ते मोबाइलला घाबरून कमरेत वाकून बोलत होते, जणू आत बसलेल्या मुलाला नीट ऐकू जावं म्हणून. पुढे सवय झाली. त्यांची एक लकब होती. प्रश्न विचारला की ते खरोखर थांबत. खडू हातात, मान किंचित तिरपी, दहा सेकंद, पंधरा सेकंद, फळ्याजवळ नुसते उभे. मग मान हलवून म्हणत, हां, मागच्या बाकावरून बरोबर आलं. ऑफिसातल्या कुणीही ही शांतता कापून टाकली असती, पण तिला ठाऊक होतं की चित्रात काही हलत नसलं की व्हिडिओला वेग लागतच नाही. बाबांची थांबण्याची रीत बारक्यातल्या बारक्या धाग्यातून सहज पलीकडे जात होती. कुठल्या कुठल्या आडबाजूच्या शाळांमधून त्यांना निरोप येत. दोनशे बारा धडे झाले. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते फळ्यापुढे उभे राहत आणि ती ऑफिसला निघताना दारातून नुसता हात हलवी, कारण आवाज केला तर धड्यात जाईल.

आणि मग बघणारे गेले. बाबांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती चहा पीत होती. बघ गं, काही बिघडलंय का. तिनं स्वतःच्या मोबाइलवर धडा लावला. घरातलं इंटरनेट शहरातलं, नव्या तारेचं. धडा पाण्यासारखा वाहिला. चालतंय की बाबा, ती म्हणाली. आठवड्यानं त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा घरीच लावून बघितलं. चालतंय की. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा तिनं न बघताच सांगितलं. शिडीचं काम करणाऱ्या बाईनं शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहून खाली सगळं ठीक आहे म्हणून सांगावं, ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. दुसऱ्या कुणावर त्यांनी एवढा भरवसा ठेवला नसता. पण तिला सगळ्यात बोचत होतं ते वेगळंच. तिसऱ्या वेळी बाबांचा चेहरा बघून त्यांना बरं वाटावं म्हणून ती म्हणाली होती, हल्ली मुलांना झगमगीत लागतं हो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी ते रंगीत खडू घेऊन आले. त्यानंतरच्या धड्यात त्यांनी डोक्यावर तिची जुनी लाल टोपी घातली होती आणि फळ्यापुढे इकडून तिकडे चालत, हातवारे करत ते सातचा पाढा म्हणत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. सात चोक अठ्ठावीसला ते छोटीशी उडी मारत होते. तिला बघवलं नव्हतं, पण छान झालंय म्हणाली होती. आता बसच्या दांड्याला धरून ती मनातल्या मनात हिशेब करत होती: उडी म्हणजे हालचाल, हालचाल म्हणजे जास्त वेग. त्या मुलांसाठी बाबांनी जी जी धडपड केली, त्यानं ते त्यांच्यापासून आणखी लांब गेले होते. टोपीचे दोन धडे झाले, आणि मग एका सकाळी फळ्याचं तोंड भिंतीकडे वळलेलं होतं. तिनं विचारलं नाही. होतं असं, एवढंच तिच्या मनात आलं होतं. एका माणसाचं शिकवणं बंद पडलं आणि तिनं होतं असं म्हणून चपला घातल्या होत्या.

घरी बाबा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. काठाला काठ जुळवून, प्रत्येक घडी दुसरीएवढीच. आज लवकर कशी, त्यांनी विचारलं. तिनं पत्र त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा शोधला, तो कपाळावरच होता, आणि ओळीखालून बोट फिरवत ते वाचू लागले. सह्यांपाशी बोट बराच वेळ थांबलं. बेरजेचं चिन्ह काढणाऱ्या मुलापाशी तर ते जरासे हसले. अक्षर चांगलं आहे बाईंचं, ते म्हणाले. मग तारीख बघून त्यांनी महिने मोजले, बोटांच्या पेरांवर, आणि कागद मांडीवर ठेवला.

तिनं सांगितलं. बसमध्ये तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी विसरली आणि मधूनच सुरुवात झाली. तक्ता, रेघ, टाळ्या, टिपण. बाबा ऐकत होते, फळ्याशी आलेल्या मुलाचं गणित चुकत चाललंय हे दिसत असूनही त्याला शेवटपर्यंत जाऊ द्यावं, तसे.

“सरासरी घेतलीस?”

“हो.”

“मग जे सरासरीच्या खाली राहिले, त्यांचं काय करायचं ठरलं होतं?”

त्यात रोख नव्हता. भागाकारात तीन शिल्लक राहिले त्यांचं काय करायचं, असं विचारावं तसा तो प्रश्न होता. “टिपणात लिहिलं होतं,” ती म्हणाली, “की ते पुढच्या वर्षापर्यंत आपोआप वर येतील.” बाबांनी मान हलवली. आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिनं घाईघाईनं सांगून टाकलं की पायरी परत बसवता येईल, तिनं निघतानाच साहेबांच्या कानावर घातलंय, मूळ धडे घरच्या हार्ड डिस्कवर सगळे शिल्लक आहेत, आठवडाभरात दोनशे बाराच्या दोनशे बारा पुन्हा लागतील. आणि मुख्य म्हणजे, बाबा, ती मुलं तुम्हाला कंटाळून गेली नव्हती. हे वाक्य तिनं दोनदा म्हटलं.

बाबा उठले आणि कपाटातून एक वही घेऊन आले. मधले अकरा महिने ते दुपारी काय करत, हे तिला माहीत नव्हतं. झोपत असतील असं ती धरून चालली होती. ते आपलेच धडे बघत होते. पहिल्यापासून, एक एक करून, मुलं कशानं गेली असतील ते शोधत. वहीत धड्याचा आकडा आणि पुढे चूक, त्यांच्या सरळ रेषेतल्या अक्षरात. धडा नऊ, फार भरभर. धडा बावीस, फळ्याकडे तोंड करून बोललो. धडा एकतीस, उत्तर मीच सांगून टाकलं, थांबलोच नाही. त्यांनी पान उलटून तिच्यापुढे केलं. धडा सदतीस, ‘एवढंही येत नाही?’ असं म्हणालो.

“कुणाला म्हणालो सांग,” ते म्हणाले. “खोलीत कुणीच नव्हतं. म्हणजे सवयच असणार. चाळीस वर्षांत किती जणांना म्हणालो असेन, त्याचा कुठे व्हिडिओ नाही म्हणून बरं.”

“मला नाही कधी म्हणालात.”

“तुला तर सगळ्यात जास्त.”

हे खरं होतं, आणि तिला ते आठवत होतं. चौथीत, भागाकाराला, सगळ्या वर्गासमोर. तिनं वही मिटू पाहिली, पण बाबांचा हात पानावर होता. ती म्हणाली, अहो, पण हे सगळं शोधायचं कारणच खोटं होतं. मुलं गेलीच नव्हती.

“कारण खोटं होतं गं,” बाबा म्हणाले. “चुका खऱ्याच निघाल्या.”

तिला वाटलं होतं की पत्र दाखवलं की मधले अकरा महिने पुसले जातील, फळा पुसावा तसे, आणि ते पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहतील. आपल्यामुळे त्यांचं काय गेलं ते ती दिवसभर मोजत होती, आणि तिनं मोजलं होतं ते फक्त बघणारे. या माणसानं एका रिकाम्या चक्राच्या अलीकडे बसून, कुणी न सांगता, आपलं चाळीस वर्षांचं शिकवणं तपासायला घेतलं होतं आणि स्वतःला नापास केलं होतं, आणि आता निकाल बदला म्हणून सांगायला ती आली होती. तिला त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवावंसं वाटलं. पण त्या घरात तशी पद्धत नव्हती. तिनं समोरच्या ढिगातला एक टॉवेल उचलला आणि त्याची घडी घालू लागली. ती तिरकी आली. बाबांनी ती तिच्या हातातून घेऊन सरळ केली, आणि पत्राकडे बोट दाखवून म्हणाले, नंबर दिलाय बाईंनी, उत्तर तर द्यायला हवं, एवढ्या मुलांनी सह्या केल्यात.

सात वाजायला आले होते, बाहेर अजून उजेड होता. बाबांना कमी ऐकू येई, म्हणून तिनं आवाज मोठा करून मोबाइल दोघांच्या मधे, घड्या घातलेल्या कपड्यांवर ठेवला. पलीकडून भांड्यांचे आवाज आले, मग बाईंचा. त्यांना तक्रार आठवायला थोडा वेळ लागला. कंपनीतून बोलतेय म्हटल्यावर त्या हसल्या, म्हणाल्या, आम्हाला वाटलं तुमचीच कंपनी बंद पडली. मग भडाभडा सांगू लागल्या. धडा लागायचा बंद झाला तरी मुलं रोज त्या वेळेला मोबाइलभोवती बसत. चक्र फिरू लागलं की पाढे म्हणत, आठाच्या पाढ्यापर्यंत धडा लागतो का बघायचं, मग नवाच्या. दोन महिने हे चाललं. त्यामुळे पाढे मात्र पाठ झाले हो सगळ्यांचे. आता नवे सर आलेत, तरुण आहेत, बरं शिकवतात. बाबा ऐकत होते. त्यांची मान किंचित तिरपी झाली होती. तिला आता सांगायचं होतं की ते इथेच आहेत, माझ्या शेजारी, मी त्यांची मुलगी. तिनं तोंड उघडलंही होतं.

“सर गेले ना?” बाईंनी विचारलं. “आम्हाला कुणी कळवलं नाही, पण समजलोच आम्ही. असे सर सांगितल्याशिवाय शिकवणं बंद करायचे नाहीत. मुलं फार रडली. एक दिवस प्रार्थनेनंतर सगळ्यांना उभं करून दोन मिनिटं स्तब्धता पाळली आम्ही. बाराही जण.”

तिनं बाबांकडे पाहिलं. त्यांनी पंजा उचलला होता, वर्ग गप्प करायला उचलत तसा, छातीपर्यंतच. तिनं मानेनंच खुणावलं, नाही, सांगते मी. त्यांचा हात तसाच राहिला. पलीकडे बाई थांबल्या होत्या, आणि त्या शांततेचा त्यांनी आपला अर्थ लावला. असू द्या, त्या हळू आवाजात म्हणाल्या, तुम्ही फोन केलात हेच खूप झालं, उद्या मुलांना सांगते, सर रागावलेले नव्हते. तिनं कसंबसं बरं म्हटलं आणि फोन बंद झाला.

“का?” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “आठवड्यात पायरी लागते, बाबा. त्यांना दिसाल तुम्ही.”

“त्यांचं एकदा रडून झालंय,” बाबा म्हणाले. “नवे मास्तर आलेत. मी मेलेला माणूस मधेच उठून भागाकार शिकवायला लागलो, तर त्या बिचाऱ्यानं काय करायचं? हसतील त्याला पोरं.” ते स्वतःच थोडे हसले. मग कपड्यांवरचा मोबाइल उचलून त्यांनी तिच्या हातात दिला आणि खालच्या टॉवेलवर पडलेली सुरकुती तळव्यानं सपाट केली. पत्र त्यांनी घडी घालून वहीत ठेवलं, सदतीसच्या पानात. खोलीत अंधार उतरू लागला होता आणि दिवा लावायला दोघांपैकी कुणीच उठत नव्हतं.

“दोन मिनिटं म्हणाल्या ना?” त्यांनी विचारलं. “पूर्ण?”

“हो.”

“बाराही जण?”

“हो, बाबा.”

ते खिडकीकडे बघत होते.

“एवढ्याशा वयाला फार असतात गं दोन मिनिटं,” ते म्हणाले.